काटेकोर, तत्त्वाची माणसं: त्यांचं बळ कशात आहे आणि घोडं अडतं कुठे?

निंबोणी

ज्या माणसाच्या सहीवर अख्खं ऑफिस डोळे मिटून विश्वास ठेवतं, त्याच माणसाशेजारी जेवायला बसताना घरच्यांना दडपण का येतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. माझा नवरा असा आहे. बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. माल नियमात बसत नसेल तर वरून कितीही फोन येवोत, तो गाडी सोडत नाही. भाजीवाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर भर उन्हात मागे जाऊन देऊन येतो, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचून कोणी त्याला वाईट ठरवणार नाही.

पण उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर काढला, मुलाने त्याची वाळ्याची ताटी जरा वाकडी बसवली, की हा काही बोलत नाही. नुसती ती काढतो आणि स्वतः परत बसवतो. मुलगा बघत उभा असतो. नंतर मी विषय काढला तर म्हणतो, ‘मी एक शब्द तरी बोललो का त्याला?’ खरंच बोललेला नसतो. तरी संध्याकाळभर घरात कोणी मोकळं बोलत नाही. मुलगा हल्ली मदतीला येतच नाही, आणि मग नवऱ्याचं सुरू होतं, ‘या घरात सगळं मलाच करावं लागतं.’

मध्यंतरी एनियाग्राम या पद्धतीबद्दल वाचलं. त्यात माणसांचे नऊ प्रकार मानतात. पहिल्या क्रमांकाचा प्रकार म्हणजे सुधारक किंवा परफेक्शनिस्ट: तत्त्वनिष्ठ, जबाबदार, स्वतःवर कडक, आणि डोक्यात अष्टौप्रहर एक परीक्षक बसलेला. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. पण या प्रकाराची मूळ अडचण राग आहे असं त्यात म्हटलंय, आणि तिथे मी अडले. माझा नवरा आवाज चढवत नाही हो. मग राग कुठला?

अशा स्वभावाचे जे कोणी इथे असतील, किंवा अशा माणसाबरोबर राहात असतील, त्यांनी लिहा. ‘माणसं बदलत नाहीत’ छापाची उत्तरं कृपया नकोत, ती मी पुष्कळ ऐकली आहेत.

तर्री_पोहे

ताई, तुम्ही माह्या बाबांबद्दलच लिहून राहिल्या असं वाटलं मले. आमच्या घरी वर्तमानपत्राची घडी जशी आली तशीच वाचून झाल्यावर राहायला पाहिजे. बाबांनी कोणाले शिवी नाही दिली आजपर्यंत. पण त्यांनी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी आम्ही दोघं भाऊ समजून जातो का काहीतरी चुकलं. धागा वाचून राहिलो, बाकीच्यांनी लिहा.

सदर_छावणी

चर्चा चांगली आहे, पण पायाबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. एनियाग्रामची आजची मांडणी बोलिव्हियात जन्मलेले ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लाउदिओ नारान्हो यांच्याकडून आलेली आहे. १९७० च्या सुमारास इचाझो चिलीतल्या आरिका शहरात शिकवत होते. नारान्होंनी ती कल्पना पुढे कॅलिफोर्नियात नेली. तिथून ती पुस्तकं, शिबिरं आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये पसरली. माणसं खरोखर नऊच खणांत बसतात, याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. विद्यापीठांतले मानसशास्त्रज्ञ पाच गुणांच्या मोजमापावर भर देतात, ज्यात कर्तव्यदक्षता हा एक गुण येतो आणि तो प्रत्येकात कमीअधिक असतो.

माझी काळजी एवढीच आहे की ‘तू एक नंबरचा प्रकार आहेस’ असं घरात एकदा म्हटलं की त्या माणसाच्या प्रत्येक वागण्यावर तोच शिक्का बसतो. तो बरोबर बोलत असला तरी ‘बघ, तुझा एक नंबर बोलतोय’ म्हणून गप्प बसवलं जातं. वर्णन आरशासारखं वापरावं, लेबल म्हणून चिकटवू नये.

समुपदेशन_वर्धारोड

सदरकरांच्या म्हणण्याशी सहमत. मी समुपदेशनाचं काम करते. कोणाला प्रकाराचा क्रमांक देत नाही, पण निंबोणीताईंचा रागाबद्दलचा प्रश्न अगदी मोलाचा आहे, म्हणून त्याच्यावरच जरा सविस्तर लिहिते.

लहानपणापासून ज्यांना ‘शहाणं बाळ’ म्हणून शाबासकी मिळालेली असते, त्यांच्या लेखी रागावणं हेच मुळात चुकीचं वागणं असतं. चांगली माणसं चिडत नाहीत, असा त्यांचा स्वतःसाठी नियम असतो. पण राग तर येतो. मग तो राग म्हणून ओळखला जात नाही. जबडा आवळला जातो, मान धरते, भांडी जरा जोरात ठेवली जातात, दुसऱ्याने केलेलं काम न बोलता पुन्हा केलं जातं. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मी रागावलो नाहीये, फक्त जे बरोबर आहे ते सांगतोय.’ आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच तो राग वाटत नाही, न्याय वाटतो. समोरच्याला मात्र शब्दांआधी तो राग पोचलेला असतो. तुमच्या मुलाला पोचतो तो हाच.

याचा दुसरा भाग म्हणजे साचलेली कटुता. ‘मी नियम पाळतो, मग बाकीचे का पाळत नाहीत? मी थकलो तरी उठतो, यांना कसं चालतं?’ यात दडलेलं दुःख फार खरं असतं. आपल्याला कधी सुट्टीच मिळाली नाही, आपल्याला कोणी ‘राहू दे आता, बस जरा’ म्हटलं नाही, हे ते दुःख. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी १९५० मध्येच मांडलं होतं की काही माणसं ‘असंच असायला हवं’च्या जुलमाखाली जगतात. मी शांतच असायला हवं, मला सगळं जमायलाच हवं, माझं कधी चुकायलाच नको. अशा माणसाला बाहेरून कोणी कडक बोललं तर तो खचत नाही, कारण त्याच्या आत त्याहून कितीतरी कडक बोलणारा कोणी दिवसरात्र बोलतच असतो.

कॅनडाचे पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रवाह वेगळे केले: स्वतःकडून अचूकपणाची मागणी, इतरांकडून तशी मागणी, आणि तिसरा म्हणजे ‘जग माझ्याकडून अचूकपणा मागतंय’ ही भावना. त्रासाच्या, म्हणजे नैराश्य, चिंता यांच्या संदर्भात तिसरा सगळ्यात जड जातो. तुमच्या यजमानांचा काटेकोरपणा नक्की कुठल्या प्रवाहातला आहे, ते बघा. मालाची गाडी अडवताना तो वेगळा असतो आणि ताटी पुन्हा बसवताना वेगळा, असा माझा कयास आहे.

लेजर

मी हिशेब तपासणीच्या नोकरीतून निवृत्त झालो. वर ज्या माणसाचं वर्णन चाललंय तो मीच आहे असं समजून लिहितो, कारण आमच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

लोकांना वाटतं आम्ही चुका शोधतो. चुका शोधाव्या लागत नाहीत, त्या दिसतात. खोलीत शिरलो की भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं आहे हे मला तुमच्या चेहऱ्याआधी दिसतं. रकान्यातली बेरीज डोळ्यांसमोर आली की कुठेतरी खुपतं, आणि तपासली की तिथेच फरक निघतो. ही नजर बंद करता येत नाही. याच नजरेवर मी आयुष्यभर सरकारी पैसा राखला. दबाव आले, गोड बोलून आले आणि धमकावूनही आले. माझ्या टिप्पणीतला शब्द बदलला नाही. याबद्दल मला आजही समाधान आहे आणि या धाग्यावर कोणी ते सोडायला सांगितलं तरी मी सोडणार नाही.

आपल्या शहराशी जोडलेलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलं. देश पेटून उठला. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले, आणि गांधीजींनी आठवडाभरात बारडोलीला आंदोलन थांबवलं. तुरुंगात असलेल्या मोतीलाल नेहरूंना, लाला लजपतरायांना ते पटलं नाही. एका गावाच्या चुकीसाठी सगळ्या देशाने का थांबायचं, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण साधन शुद्ध नसेल तर साध्यही नको, हे ज्याच्या अंगात भिनलंय त्याला दुसरा निर्णय घेताच येत नाही. अशा माणसाचं बळ आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्यांना होणारा त्रास, दोन्ही एकाच निर्णयात आहेत. एक ठेवून दुसरं काढून टाका असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कसं काढणार?

लेक_महालची

लेजरकाका, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, आणि तरीही मी उत्तर देणार आहे, कारण मी तुमच्यासारख्या वडिलांची मुलगी आहे.

बाबांनी कधी लाच घेतली नाही, कधी खोटं बोलले नाहीत, आमच्यावर हात उगारला नाही. महालातल्या आमच्या गल्लीत कोणाचं भांडण झालं तर निवाड्याला बाबांना बोलवायचे. मला ९१ टक्के मिळाले तेव्हा त्यांनी मार्कशीट हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘भूगोलात काय झालं?’ त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मदत करायची होती. त्यांच्या लेखी ९० च्या वरच्या विषयांबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतंच, ते तर बरोबरच होते.

तुम्ही म्हणता चूक दिसते, शोधावी लागत नाही. मान्य. पण काका, जे बरोबर झालंय ते दिसतं का? आमच्या घरात बरोबर केलेलं काम अदृश्य असायचं. वीस गोष्टी नीट केल्या तर शांतता, एकविसावी राहिली तर वाक्य. लहान मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, की आपण म्हणजे आपल्या चुकांची यादी. आज मी चांगल्या ठिकाणी नोकरी करते, माझं काम उत्तम समजलं जातं, आणि ईमेल पाठवण्याआधी मी ते पुन्हापुन्हा वाचत बसते. बाबांनी हे मला कधीच शिकवलं नाही. मी त्यांना स्वतःशी असं वागताना बघितलं, एवढंच.

मला त्यांच्याबद्दल राग नाही. त्यांचं तत्त्व मला हवं आहे. त्या तत्त्वाबरोबर आलेली भीती मात्र मला माझ्या मुलीकडे जाऊ द्यायची नाही.

तर्री_पोहे

‘बरोबर केलेलं काम अदृश्य’, ताई, हे वाचून गप्पच बसलो मी.

नाईट_ड्यूटी

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. माझ्या कामात ‘जाऊ दे ना, काही होत नाही’ म्हणणारी माणसं नकोत. औषधाचा डोस लिहिताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. तिथे मला लेजरकाकांसारखाच माणूस शेजारी हवा.

पण एक गोष्ट आमच्याकडे शिकायला मिळाली ती इथे उपयोगी पडेल असं वाटतं. पूर्वी ऑपरेशनच्या खोलीत सगळं वरिष्ठांच्या धाकावर चालायचं. कडक सिस्टर असली की गॉजचे तुकडे बरोबर मोजले जायचे, नसली की देवाची कृपा. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट खोलीबाहेर नेण्याआधी ती मोठ्याने वाचायची. आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये आकडे छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

यात मला भावलं ते असं. यादी वाचताना ज्युनियर नर्स सर्जनला विचारते, ‘अँटिबायोटिक दिलं का?’ आणि कोणाला अपमान वाटत नाही, कारण ती यादीतली ओळ आहे. काटेकोरपणा माणसाच्या नजरेतून काढून कागदावर ठेवला की तो कोणाच्याही अंगावर येत नाही. निंबोणीताई, तुमचे यजमान कारखान्यात हेच करत असणार. तिथे स्पेसिफिकेशनचा कागद असतो, टॉलरन्स लिहिलेला असतो, इतके मिलिमीटर वरखाली चालेल म्हणून. घरात टॉलरन्स कुठेच लिहिलेला नसतो. तो त्यांच्या एकट्याच्या डोक्यात असतो आणि बाकीच्यांना नापास झाल्यावरच कळतो.

निंबोणी

नाईट ड्यूटी, तुमची ही शेवटची दोन वाक्यं मी आज रात्री त्यांना वाचून दाखवणार आहे. ही भाषा त्यांच्या कामातली आहे. समजावण्यापेक्षा ही लवकर पोचेल.

समुपदेशनताई, रागाबद्दलचं वाचून पहिल्यांदा त्यांची कीव नाही, माया वाटली. ‘राहू दे, बस जरा’ असं त्यांना कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. सासरे लवकर गेले. हा थोरला. बाकीच्या भावंडांची शिक्षणं यानेच बघितली.

उत्तरपत्रिका

मी लायब्ररीत बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. धागा संसाराबद्दल आहे पण माझाही प्रश्न इथलाच आहे.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांना प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात. म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं. माझं पहिलं उत्तर सुंदर होतं. प्रस्तावना, आकृती, समितीचं नाव, सगळं. मग शेवटची चार-पाच उत्तरं कोरी राहतात. क्लासचे सर म्हणतात वीसही उत्तरं मध्यम लिही. मला कळतं, पण हात तयार होत नाही. अर्धवट उत्तर लिहून पुढे जाणं म्हणजे खोटेपणा वाटतो. त्याहून पुढची गोष्ट अशी की टेस्ट सिरीजचे पेपर मी सोडवतो आणि तपासायला देत नाही, अजून थोडी तयारी झाली की देऊ म्हणून. गावाकडे सगळे विचारतात, यंदा होईल ना? हे आळस म्हणून घ्यायचं का? मी तर दिवसभर खुर्चीवरून उठत नाही.

समुपदेशन_वर्धारोड

उत्तरपत्रिका, तुझ्या वर्णनात आळसाचं एकही लक्षण नाही. परफेक्शनिझममुळे होणारी टाळाटाळ बाहेरून आळसासारखी दिसते, एवढंच. पेपर तपासायला दिला नाही तोवर ‘मी अजून पूर्ण ताकद लावलेली नाही’ हा आधार शाबूत राहतो. दिला की निकाल लागणार, आणि तुझ्या मनात तो उत्तराचा निकाल नसून तुझा स्वतःचा निकाल असतो. २००२ मध्ये रोझ शाफ्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं: मापदंड उंच असणं हा आजार नाही. स्वतःची किंमत जवळपास पूर्णपणे त्या मापदंडावर टांगली जाते, आणि नुकसान दिसत असूनही माणूस ते सोडत नाही, तिथे त्रास सुरू होतो.

तुझ्या पिढीवर याचं ओझं वाढलेलं आहे. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं एकत्र तपासली. मी वर लिहिलेल्या तीन प्रवाहांपैकी स्वतःकडून मागणी १० टक्क्यांनी वाढलेली दिसली, इतरांकडून १६, आणि ‘जग माझ्याकडून मागतंय’ ही भावना ३३ टक्क्यांनी. अभ्यास तिकडचा आहे. पण ‘यंदा होईल ना?’ हा प्रश्न तुला कुठून ऐकू येतो ते तूच लिहिलंयस.

प्रयोग म्हणून कर. पुढच्या सराव पेपरला नऊ मिनिटांचा गजर लाव. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन पुढच्या प्रश्नावर. आणि तो पेपर त्याच दिवशी तपासायला दे, पुन्हा न वाचता. आधी एका कागदावर लिहून ठेव, काय होईल असं तुला वाटतंय, किती गुण पडतील, सर काय म्हणतील. नंतर जे घडलं ते त्याशेजारी लिही. उपचारात आम्ही हेच करतो. मनाने केलेली भविष्यवाणी उपदेशाने खोडता येत नाही, ती पडताळून बघावी लागते.

दर्यापूरकर

नागपुरात राहतो, पण मूळ अमरावती जिल्ह्याचा, म्हणून गाडगेबाबांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सुधारक म्हणावा असा माणूस आपल्या विदर्भात त्यांच्याइतका दुसरा कोण? १८७६ मध्ये शेणगावला जन्म. दारू नको, कर्ज काढून सण नको, देवापुढे बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला. एकाही बाबतीत तडजोड नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. कोणी पाया पडलेलं त्यांना चालत नसे.

इतका कडक माणूस, आणि लोक रात्र-रात्र कीर्तनाला बसायचे. का? मला दोन कारणं दिसतात. गावात आल्यावर आधी हातात खराटा असायचा. गाव घाण आहे असं म्हणण्याआधी गाव झाडून झालेलं असायचं. आणि संध्याकाळी कीर्तनात ते सांगत नसत, विचारत असत, आपल्या वऱ्हाडी बोलीत. लोक उत्तर द्यायचे, हसायचे, आणि हसता हसता स्वतःची चूक स्वतःच्याच तोंडाने कबूल करायचे. चूक दाखवणारा आणि चुकणारा एकाच बाजूला बसलेले.

वर लेजरसाहेबांनी विचारलं की बळ ठेवून त्रास कसा काढणार. माझं उत्तर गाडगेबाबा आहेत. तत्त्व कणभर कमी केलं नाही, पण माणसाला लहान केलं नाही.

लेजर

दर्यापूरकर, यावर मी विचार करतोय. एक शंका आहे. बाबा झाडायचे ते लोकांसमोर आणि लोकांबरोबर. निंबोणीताईंचे यजमान ताटी पुन्हा बसवतात तेव्हा तेही स्वतःच काम करतात, तरी मुलगा दुखावतो. फरक कशात?

दर्यापूरकर

बाबांनी कोणी झाडलेलं पुन्हा झाडलं नाही, जी. जे कोणी हातात घेतलं नव्हतं ते घेतलं.

लेजर

पटलं.

सदर_छावणी

एक जरा गंभीर मुद्दा. हे सगळं स्वभावाच्या मर्यादेत आहे की डॉक्टरकडे जायला हवं, हे घरच्यांनी कसं ओळखायचं? हल्ली ‘मला ओसीडी आहे’ असं लोक टेबल आवरतानाही म्हणतात.

समुपदेशन_वर्धारोड

ओसीडी वेगळा. त्यात नको असलेले विचार घुसतात आणि ते शांत करायला माणूस पुन्हापुन्हा हात धुतो, कुलूप तपासतो. बहुतेकांना ते विचार स्वतःलाच अतिरेकी वाटतात, नकोसे असतात. याच्या नावाशी साधर्म्य असलेला एक व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, ओसीपीडी. त्यात माणसाला आपलीच पद्धत बरोबर वाटते, त्रास बहुधा आजूबाजूच्यांना आधी कळतो. निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत त्याचे आठ निकष आहेत, त्यातले किमान चार लागतात: तपशिलात इतकं अडकणं की कामाचा मूळ हेतूच हरवतो, अचूकपणापायी काम पूर्णच न होणं, कामापुढे मैत्री आणि विश्रांती न उरणं, दुसऱ्यावर काम सोपवता न येणं, असे. हे वाचून घरात कोणाचं निदान करू नका, ते तज्ज्ञाचं काम आहे.

मी घरच्यांना तीन गोष्टी बघायला सांगते. झोप उडाली आहे का. जी कामं आधी वेळेत व्हायची ती आता अडून राहतात का. आणि स्वतःबद्दल ‘माझा काही उपयोग नाही’ अशी भाषा येते का. शेवटची आली तर थांबू नका. आपल्याकडे मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो.

उत्तरपत्रिका

गजर लावून पेपर सोडवला. वीसही प्रश्नांना हात लागला. सातव्या उत्तराचं शेवटचं वाक्य अर्धं आहे आणि ते मला आत्ताही टोचतंय. पण पेपर देऊन आलो. कागदावर ‘सर निराश होतील’ असं लिहून ठेवलंय. निकाल आला की इथे सांगतो.

नाईट_ड्यूटी

शाबास रे. टोचू दे ते वाक्य, पुढचा पेपर सोडव.

लेक_महालची

निंबोणीताई, वाचून दाखवलंत का? काय म्हणाले?

निंबोणी

दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढून बसले, आणि मला म्हणाले, घरातल्या कुठल्या गोष्टींना टॉलरन्स शून्य आणि कुठल्यांना मोठा, ते तू सांग, मी लिहितो. गॅसचा नॉब, औषधं, गाडीचे ब्रेक, पैशाचा व्यवहार, एवढं शून्यात. बाकीच्यावर आमची अजून चर्चा चालू आहे. टॉवेलच्या घडीवर एकमत झालेलं नाही. मुलालाही त्या वहीत लिहायला बोलावलं, त्याने सरळ लिहिलं, ‘मी केलेलं काम दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी बदलायचं नाही.’ त्यांनी ते वाचून खाली सही केली.

आता माझा लेजरकाकांना एक प्रश्न आहे. मी यांचं कौतुक करते ते यांच्यापर्यंत पोचतच नाही. ‘किती छान केलंस’ म्हटलं की मान हलवून दुसऱ्या कामाला लागतात. तुमच्यासारख्या माणसाला कौतुक कसं सांगावं?

लेजर

ताई, ‘छान’ या शब्दावर आमचा विश्वास बसत नाही, कारण आम्हाला त्या कामातल्या उणिवा तुमच्याआधी माहीत असतात. आम्हाला वाटतं तुम्ही नीट बघितलंच नाही. नेमकं सांगा. ‘गाडी अडवलीस त्या दिवशी तुला किती फोन आले ते मी मोजत होते, आणि तू एकालाही चढ्या आवाजात बोलला नाहीस, ते मी बघितलं.’ असं कोणी मला म्हटलं असतं तर मी ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

आणि दुसरं. काम झाल्यावर सांगू नका, काम नसताना सांगा. रविवारी दुपारी नुसते बसलेले असतील, हातात काही नसेल, तेव्हा शेजारी जाऊन बसा. काही केलेलं नसताना कोणी आपल्याजवळ येऊन बसतं, याची आम्हाला सवय नसते. पहिल्यांदा ते विचारतील, ‘काय काम होतं?’ काम नाही म्हणून सांगा, आणि उठू नका.